अर्धा तास फोन बंद राहील

कडक भाकरी करणाऱ्या बायकांकडं एवढे किस्से का साठतात, सांगू? हात गुंतलेले असतात आणि तोंड मोकळं असतं! आमच्या शेडमध्ये चार तवे आहेत. चौघी जणी चार तव्यांसमोर, हात पिठात आणि फोन लांब फळीवर. फोन वाजला की चारही माना वळतात, उचलत कुणीच नाही. मग तो कुणाचा असेल यावर पंधरा भाकरी होतात. आमची भाकरी कडक झाली की महिनाभर टिकते. किस्से त्याच्याहून जास्त टिकतात. आणि गेल्या वर्षभरातले सगळे किस्से त्या एका शब्दाचे आहेत. अपडेट!

चौघी म्हणजे सुमनमावशी, शेड तिचं, ऑर्डरी तीच घेते. नागमणी अक्का, घरी तेलुगू बोलते, वयानं सगळ्यांत मोठी. शबाना, तिची मुलगी अकरावीला आहे म्हणून फोनमधलं सगळं तिला आधी कळतं. आणि मी सीमा. सातवी शिकलेली. माझी ईश्वरी चार वर्षांची आहे, शेडपासून आठ मिनिटांवर बालवाडीत जाते. आठ मिनिटं चालत. पळत पाच. मी मोजलंय.

थांबा हं, फोन वाजल्यासारखा झाला.

नाही वाजला.

* * *

पहिला किस्सा अक्काचा. तिच्या मुलानं तिला नवीन फोन घेतला. दुकानदार म्हणाला, "मावशी, फोनला कुलूप लावू या. बोट ठेवा हितं."

अक्कानं अंगठा ठेवला. फोन म्हणाला, पुन्हा प्रयत्न करा. पुन्हा ठेवला. पुन्हा तेच. दुकानदारानं मग दुसरं बोट मागितलं, मग तिसरं. दहाची दहा बोटं झाली. तीस वर्षं तापलेल्या तव्यावर भाकरी टाकणाऱ्या बाईच्या बोटावर रेघा राहतात का? अक्काची बोटं काचेच्या गोटीसारखी गुळगुळीत!

दुकानदार म्हणाला, "नंबर टाकून ठेवू. चार आकडे लक्षात राहतील?"

अक्का म्हणाली, "न्हाई राहणार." आणि चप्पल काढून तिनं पाय टेबलावर ठेवला. "ह्याचा अंगठा बघा."

एका झटक्यात झालं की!

तेव्हापासून अक्का पायानं फोन उघडते. बार्शीच्या एसटीत लेकीच्या घरचा पत्ता बघायचा होता, तर हिचा पाय मांडीवर, मांडीवरून फोनवर. कंडक्टर ओरडला, "ओ मावशी, पाय खाली घ्या!"

"थांबा की, फोन उघडलालेय!"

आम्ही हसून हसून लोळलो. अक्का मात्र शांत. म्हणाली, "हसा तुमी. चोरानं माझा फोन नेला, तरी पाय कुठनं आणणार?"

* * *

सुमनमावशीचा फोन एके दिवशी आपोआप अपडेट झाला. चार्जिंगला लावून ती आंघोळीला गेली आणि आली तर सगळं बदललेलं. चित्रं गोल झाली होती, घड्याळ खालचं वर गेलं होतं. सगळ्यांत वाईट म्हणजे, आधी हिरवं बटण दाबलं की फोन उचलला जायचा, आता ते सरकवायचं होतं. मावशी दोन दिवस दाबतच राहिली. ऑर्डरवाले बिचारे फोन करून करून थकले.

तिसऱ्या दिवशी ती फोन घेऊन दुकानदाराच्या अंगावर गेली. मी सोबत होते. "कवर बदलायला दिला तवा तू माझा फोन बदलून घेतलास! हा माझा न्हाई!"

"मावशी, तुमचाच हाय. अपडेट झालाय फक्त."

"माझा फोन मला ओळखू येत न्हाई व्हय? माझ्या पोराला टक्कल केलं तरी मी ओळखीन!"

दुकानदारानं नंबर दाखवला, फोटो दाखवले, नातवाचं बारसं दाखवलं. मावशी ऐकेना. शेवटी त्यानं कंटाळून सुई घेतली आणि चार्जरच्या भोकात घातली. आतनं चिमूटभर पीठ निघालं. मावशीनं ते बोटावर घेतलं, चोळलं, जिभेला लावलं.

"शाळू हाय," ती म्हणाली. "दे. माझाच हाय."

* * *

आता माझं सांगते, नाहीतर पुढचं तुम्हाला कळायचं नाही.

ईश्वरीला ताप चढला की फिट येते. दोनदा आलीय. डॉक्टर म्हणाले, "मोठी झाली की जाईल. तोवर ताप आला की लगेच बघायचं, उशीर करायचा नाही." दुसऱ्या वेळी ती बालवाडीत होती. बाईंचा फोन आला, मी पिठाच्या हातानं पळत गेले. ईश्वरीचे डोळे वर गेलेले. माझी पाच बोटं तिच्या निळ्या फ्रॉकवर उमटली, पांढरी. तो फ्रॉक मी धुतला, पण परत तिला घातला नाही.

तेव्हापासून माझा फोन फळीवर नसतो. पिठाच्या डब्याच्या झाकणावर, तव्याच्या उजव्या बाजूला, मला दिसेल असा असतो. आवाज फुल्ल. आणि त्याच्यावर रोज सकाळी एक पाटी यायची. 'नवीन अपडेट आले आहे. सुमारे अर्धा तास फोन बंद राहील.' खाली दोन बटणं, 'आता' आणि 'नंतर'.

वर्षभर मी 'नंतर'च दाबलं.

शबाना म्हणायची, "सीमा, रात को कर ले ना. बच्ची तेरे पास रहती."

पण रात्री ताप चढला तर? नवरा सीझनमध्ये श्रीपूरला, साखर कारखान्यावर. रिक्षावाल्याला फोन मीच करायचा. दिवसा बाईंचा फोन येईल म्हणून चालू, रात्री मला करावा लागेल म्हणून चालू. चोवीस तासांत फोन बंद ठेवायला माझ्याकडं अर्धा तास नव्हता!

शबानाच्या मुलीनं मला समजावून सांगितलं, "आंटी, अपडेट म्हणजे दाराला नवीन कडी. चोर जुन्या कड्या उघडायला शिकलेत."

मी म्हटलं, "पटतंय गं. पण कडी बसवायला दार अर्धा तास काढून ठेवायचं, त्याचं काय?"

* * *

चोरावरून आठवलं. शबानाला एक फोन आला होता. त्या दिवशी तिचा फोन तव्याशेजारीच होता. तिनं कोपरानं उचलला, कोपरानंच स्पीकर लावला. पलीकडं एक गोड आवाज. "मॅडम, आपका फोन पुराना हो गया. अभी अपडेट नहीं किया तो आज शाम को बंद हो जाएगा. मैंने एक फाइल भेजी है. खोलिए."

"खोलती," शबाना म्हणाली आणि भाकरी उलटली.

"स्क्रीन पे क्या दिख रहा है मॅडम?"

"आटा दिखरा."

"जी?"

"आटा. ज्वारी का."

"साफ कीजिए मॅडम."

शबानानं पिठाच्या हातानं साफ केलं. "अब जास्ती दिखरा."

वीस मिनिटं! तो म्हणतोय वर दाबा, ही म्हणते ऊपर भी आटा. तो म्हणतोय खाली बघा, ही म्हणते नीचे भाकरी जलरी, रुको. त्याला तव्याचा आवाज, आमचं थापणं, सगळं ऐकू जात होतं. मधे सुमनमावशी ओरडली, "कोण हाय? किती पायजेत इचार त्याला! शंभराच्या आत पोच करत न्हाई म्हणावं!"

त्यानं फोन ठेवून दिला.

शबाना आमच्याकडं वळली आणि नाराज होऊन म्हणाली, "चोर भी कैसे हो गए. बात पूरी नहीं करते!"

सगळ्या हसल्या. मी पण हसले. पण त्या दिवशी माझ्या भाकरी जाड झाल्या. मनात एकच. 'संध्याकाळी फोन बंद पडेल' असं तो मला म्हणाला असता, तर मी हात धुऊन, पुसून, तो म्हणेल ते दाबलं असतं.

* * *

नवऱ्याचाही एक आहे. त्याचा फोन कारखान्यावर अपडेट होता होता अडकला, म्हणून त्यानं मित्राच्या फोनवरनं मला फोन केला. अनोळखी नंबर! शबानाच्या प्रकारानंतर सुमनमावशीनं कायदा केला होता, अनोळखी नंबरला आधी प्रश्न विचारायचा.

"कोण?"

"अगं, मी."

"मी कोण?"

"नवरा हाय तुझा!"

"ईश्वरीच्या कुठल्या कानामागं तीळ हाय, सांगा."

तो म्हणाला, "डाव्या."

उजव्या! मी फोन कट केला. पुन्हा वाजला, पुन्हा कट केला. सुमनमावशीला सांगितलं, "मावशी, चोर हाय, नवरा हाय म्हणाला आणि तिळाचं उत्तर चुकला."

मावशीनं भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. "चुकला ना? मग नवराच हाय तो. चोर सगळी माहिती काढून फोन करतो. उचल."

* * *

आणि मग गेल्या महिन्यात बालवाडीनं निरोप दिला. आता हजेरी, डबा, कुणाला ताप आला, पडलं, लागलं, सगळं बालवाडीच्या नवीन ॲपवर येणार. मी लगेच ॲप घ्यायला गेले. फोन म्हणाला, 'आधी अपडेट करा.'

म्हणजे अपडेट नाही केलं तर ईश्वरीची खबर नाही, आणि केलं तर अर्धा तास ईश्वरीची खबर नाही! तीन दिवस मला जेवण गेलं नाही.

चौथ्या दिवशी सुमनमावशीनं तवा खाली उतरवला. तवा खाली उतरला म्हणजे गंभीर बाब. म्हणाली, "आज करायचं. मी सकाळी बालवाडीच्या बाईंना माझा नंबर कागदावर लिहून देऊन आलेय. सीमाचा बंद लागला तर मला लावा म्हणून."

शबाना म्हणाली, "मेरा भी दी मैं."

अक्का म्हणाली, "माझा न्हाई दिला. मला चप्पल काढायला वेळ लागतो."

अकरा वाजता 'आता' दाबलं. मी नाही दाबलं, माझं बोट जाईना. शबानानं माझा हात धरून दाबलं. फोन काळा झाला. मधोमध एक गोल फिरायला लागला, खाली आकडा. दोन टक्के.

"बघत बसू नकोस गं," मावशी म्हणाली. "थाप."

मी थापायला घेतलं. पहिली भाकरी फाटली. नऊ टक्के. दुसरी तव्यावर टाकताना दुमडली. चौदा. तिसरीला मी मीठच घातलं नव्हतं, हे मळून झाल्यावर कळलं. सकाळी अंघोळ घालताना ईश्वरीचं कपाळ गरम होतं का? पाणी गरम होतं, की कपाळ? एकवीस टक्के. एकवीसवर तो आकडा हलेना. दहा भाकरी झाल्या, एकवीसच.

"मी आले जरा, पाणी पिऊन," मी म्हटलं.

"पाणी हितं हाय की," अक्का म्हणाली.

पण मी तोवर चपला घालून निघाले होते. पळत पाच मिनिटं. त्या दिवशी चार.

बालवाडीच्या खिडकीला गज आहेत. मी गज धरून उभी राहिले. ईश्वरी दुसऱ्या ओळीत बसून गाणं म्हणत होती, हात वर, हात खाली. चांगली होती. निघावं असं वाटलं. मग वाटलं, फोन अजून बंदच आहे, फोन चालू होईस्तोवर मीच इथं थांबते. पोरं एकेक करून माझ्याकडं बघायला लागली. गाणं बंद पडलं. ईश्वरी मोठ्यानं म्हणाली, "बाई, आई आली." मग म्हणाली, "बाई, आई जाईना."

बाई दोनदा म्हणाल्या, "ईश्वरीच्या आई, जा हो तुम्ही, सगळं बरं आहे."

"व्हय, निघालेच," मी म्हटलं. गज सोडले नाहीत. "बाई, तेवढं कपाळ बघता का तिचं?"

बाईंनी बघितलं. "गार आहे."

"मानेला पण बघा की."

बाईंनी मानेला बघितलं. मग खुर्चीवर जाऊन बसल्या, रजिस्टर काढलं, त्यातला नंबर लावून फोन कानाला धरला आणि खिडकीतनं माझ्याकडंच बघत म्हणाल्या, "बघा, तुमचा बंद लागतोय!"

मग त्यांनी रजिस्टरमधनं सुमनमावशीचा कागद काढला. तो नंबर लावला. एकाच रिंगमध्ये उचलला गेला, आणि मावशीचा आवाज मला खिडकीबाहेर ऐकू आला. "काय झालं पोरीला? आलो, आलो आमी!"

"पोरगी बरी आहे हो," बाई म्हणाल्या. "तिच्या आईला न्यायला कुणीतरी या."