सिस्टर आणि सहाशे मापं

दुरुस्तीला आलेल्या लॅपटॉपला सिस्टर आधी केसपेपर काढत. यंत्राचं वय, तक्रार, तक्रार कधीपासून, आणि शेवटच्या ओळीत एक प्रश्न: ‘काय दाबलं?’ या प्रश्नाचं खरं उत्तर पहिल्या भेटीत आजवर कुणी दिलं नव्हतं. सिस्टरांना त्याचं नवल वाटत नसे. रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात त्यांनी एकतीस वर्षं काढली होती, आणि एवढ्या वर्षांत, नको सांगितलेलं खाल्लं म्हणून पोट बिघडलं, अशी कबुली देणारा एकही रोगी त्यांना भेटला नव्हता. सगळ्यांचं सगळं आपोआप झालेलं असे.

यंत्रांचा नाद त्यांना वॉर्डातच लागला. निवृत्तीला सहा वर्षं उरली असताना नोंदवह्या गेल्या, संगणक आला, आणि दुसऱ्याच महिन्यात त्याने मान टाकली. दुरुस्त करणारा माणूस ‘आलोच’ म्हणाला, तो दीड महिना फिरकला नाही. अखेर एका दुपारी, रोगी डुलक्या घेत असताना, सिस्टरांनी झाकण काढलं आणि टाके काढायच्या चिमट्याने पंख्यात अडकलेला धुळीचा बोळा बाहेर ओढला. संगणक उठून बसला. त्यानंतर पुस्तकं आणून, रविवारचे वर्ग करून त्या शिकत गेल्या. निवृत्त झाल्यावर सकाळी उठून करायचं काय, हा प्रश्न पडायच्या आतच त्यांच्या दारात तीन लॅपटॉप येऊन थांबले होते.

घराची मांडणीही वॉर्डाच्याच शिस्तीची. काचा लावलेली गॅलरी म्हणजे संसर्गाचा कक्ष. व्हायरस लागलेली यंत्रं तिथे, वेगळ्या टेबलावर, वेगळ्या चार्जरवर, इंटरनेटपासून तोडून ठेवायची. गॅलरीतला पेनड्राइव्ह आतल्या खोलीत न्यायचा नाही, हा नियम यजमानांनाही लागू होता. यजमान बसचे निवृत्त कंडक्टर. दारात खुर्ची टाकून ते येणाऱ्याला नंबराची चिठ्ठी देत, आणि हाताच्या सवयीने तिला पंचने भोक पाडत.

त्या सोमवारी सकाळी टेलरमास्तर आले. कोटाच्या अस्तरात गुंडाळलेला लॅपटॉप त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.

“पुढे सरका मास्तर, दारात थांबू नका,” कंडक्टर म्हणाले.

“मागे कोणी नाहीये की!”

“सवय आहे हो. सरका.”

लॅपटॉप अकरा वर्षांचा होता. गॅलरीतल्या टेबलावर तो ठेवताना मास्तरांनी खालचं अस्तर नीट पसरलं.

“काय होतंय?” सिस्टरांनी पेन उघडलं.

“काय होत नाहीये ते विचारा. पंखा घरघरतो. एक खिडकी बंद केली की चार उघडतात. लॉटरी लागली म्हणून रोज अभिनंदन करतो.”

“कधीपासून?”

“गुरुवारपासून.”

“काय दाबलं?”

“मी? काही नाही. आपोआप झालं.”

सिस्टरांनी ‘आपोआप’ लिहिलं आणि पुढे बारीकसं प्रश्नचिन्ह काढलं. “यात जपायचं काय आहे?”

मास्तर खुर्चीच्या कडेवर टेकले. आत सहाशे गिऱ्हाइकांची मापं होती. बावीस वर्षांच्या वह्यांमधून त्यांच्या बायकोने ती दोन वर्षं जेवणाच्या टेबलावर बसून एकेक करून टाइप केली होती. प्रत्येक गिऱ्हाइकाची वेगळी फाइल, त्यात मापं, कापडाचे फोटो आणि शेवटी तिचा स्वतःचा शेरा. काम पुरं झाल्यावर वाळवी लागलेल्या वह्या रद्दीत गेल्या. सध्या ती लेकीच्या बाळंतपणाला गेली होती.

“शनिवारी येतेय,” मास्तर म्हणाले. ऑपरेशनची तारीख सांगताना रोग्याचा आवाज असाच होतो, हे सिस्टरांना माहीत होतं. “दोन वर्षं मान मोडून बसली होती हो. तिला काय तोंड दाखवू?”

“बॅकअप?”

“आहे ना!” मास्तरांच्या चेहऱ्यावर तरतरी आली. आतल्या खिशातून त्यांनी बटण लावलेली इवलीशी कापडी पिशवी काढली. “दर शनिवारी ती यात भरून ठेवते. तीन वर्षांत एक शनिवार चुकलेली नाही. जायच्या दिवशीसुद्धा रिक्षा थांबवून भरलंन.”

पिशवीतला पेनड्राइव्ह सिस्टरांनी गॅलरीतल्या जुन्या संगणकाला लावला. आत दीडशेच्या आसपास फोल्डर होते, प्रत्येकावर शनिवारची तारीख. सिस्टरांनी एक उघडलं, दुसरं उघडलं, मग अधूनमधून दहाबारा. प्रत्येकात एकच गोष्ट होती, आणि तिचं वजन नसल्यातच जमा होतं.

“मास्तर, यात मापं नाहीत. पडद्यावर तुम्ही जे चित्र दाबून मापं उघडता ना, ते नुसतं शॉर्टकट आहे. वही कोणत्या कपाटात आहे ते सांगणारी चिठ्ठी. वहिनींनी दर शनिवारी त्या चिठ्ठीची नक्कल केली. वही लॅपटॉपमध्येच राहिली.”

मास्तरांना ते कळायला वेळ लागला. कळल्यावर मात्र त्यांचा चेहरा उजळला.

“म्हणजे तिचंही चुकलं?”

“चुकलं.”

“तीन वर्षं? दर शनिवारी?” मास्तर हसायला लागले, आणि हसता हसता मध्येच थांबले. “मग मापं?”

“लॅपटॉपमध्ये असली तर आहेत.”

सिस्टरांनी लॅपटॉप चालू केला नाही. पाठीचे स्क्रू काढून आतली डिस्क बाहेर घेतली आणि एका डबीत बसवली. या डबीतून डिस्क वाचता येई, तिच्यावर काहीही लिहिलं जात नसे. रोग्याच्या यंत्रावर आपलं काही लिहायचं नाही, आधी त्याची पूर्ण नक्कल घ्यायची, आणि जे काही करायचं ते नकलेवर, हा त्यांचा रिवाज. डिस्क फिरू लागली तशी मधूनच टक् टक् वाजली. सिस्टरांनी कान जवळ नेला.

“एखादं अँटिव्हायरस टाकून बघायचं का?” मास्तरांना धीर निघेना. “शेजारचा न्हावी म्हणत होता...”

“ही डिस्क म्हातारी आहे. आता तिला झाडझूड सोसणार नाही. रक्त वाहत असताना आपण ताप मोजत बसतो का? आधी माहिती बाहेर काढू, मग व्हायरसकडे बघू. उद्या दुपारी या. आणि न्हाव्याकडे फक्त केस कापा.”

मंगळवारी दुपारी नक्कल पुरी झाली. सिस्टरांनी ती आपल्या स्वच्छ संगणकावर उघडली. व्हायरसने दडवलेल्या गोष्टी एकेक करून दिसू लागल्या: नातवाचे फोटो, विजेची बिलं, बाह्यांचे नमुने. चिठ्ठीत लिहिलेल्या जागी त्यांनी शेवटी पाहिलं. कपाट होतं, खण होता, वही नव्हती.

मास्तर शेजारी बसून बघत होते. सिस्टर दाराकडे वळून म्हणाल्या, “अहो, चहा टाका. आणि जाताना दार ओढून घ्या.” दार लागल्यावर त्यांनी केसपेपर पुढे घेतला. “मास्तर, शेवटची ओळ पुन्हा भरू. इथे सांगितलेलं या टेबलाच्या बाहेर जात नाही.”

मास्तरांनी गळ्यातली टेप काढून बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

“लाल अक्षरात आलं होतं हो. लॅपटॉपमध्ये सतरा व्हायरस आहेत, साफ करायला इथे दाबा. मला वाटलं, कंपनीच सांगतेय.”

“दाबलंत.”

“दाबलं. मग तो जास्तच रेंगाळायला लागला. न्हावी म्हणाला, मोठं काहीतरी काढून टाका, हलका होईल. शोधलं तर कुठेतरी आत एक फोल्डर सगळ्यात फुगलेलं. नाव काहीतरी इंग्रजीत. मापं तर समोर पडद्यावर होतीच, मग म्हटलं हे जास्तीचं कापड. कापलं.”

“आणि कचऱ्याचा डबा?”

“तोही रिकामा केला,” मास्तर खाली बघत म्हणाले. “चिंध्या कशाला ठेवायच्या?”

“हे कधी?”

“शुक्रवारी संध्याकाळी.”

“त्यानंतर त्यावर काय काय केलंत? खरं सांगा.”

“काही नाही. चित्र दाबलं तर उघडेना. घाबरलोच मी. बंद करून जो अस्तरात गुंडाळला, तो तुमच्यापुढेच सोडला.”

सिस्टरांनी पहिल्यांदाच पाठ खुर्चीला टेकली. “घाबरलात ते फार चांगलं केलंत,” त्या म्हणाल्या. टाकलेलं लगेच नाहीसं होत नाही, त्यांनी समजावलं. यंत्र नुसतं लिहून ठेवतं, की ही जागा आता मोकळी. तिथे दुसरं काही येऊन बसेपर्यंत जुनं जागच्या जागी असतं. मास्तर शनिवार-रविवार त्यावर सिनेमे बघत बसले असते, किंवा काल न्हाव्याचं ऐकून काही टाकलं असतं, तर मापांच्या अंगावर तेच चढलं असतं.

बुधवारी सकाळी मापं बाहेर आली, पण नावं आली नाहीत. फाइलींवर एक ते सहाशे नुसते आकडे होते.

“आत कुठे नाव असेल ना?” सिस्टर म्हणाल्या.

“नाही. पाकिटावर लिहिलं की आत परत कशाला, म्हणते ती.” मास्तरांनी चष्मा पुसला. “वाचा बघू एखादं.”

“छाती अडतीस, बाही चोवीस, डावा खांदा पाऊण इंच उतरता...”

“पोस्टमन! थैलीचा खांदा तो.”

सिस्टरांनी मास्तरांकडे नीट बघून घेतलं. “गळा साडेसतरा. शेरा: बोलताना गळा फुगतो, वरचं बटण सैल ठेवावं.”

“वकीलसाहेब!”

“कंबर चौतीस. शेरा: चौतीस सांगतात, अडतीस धरावी.”

“हा आमचा न्हावी. याचा सल्ला घेतला मी!”

सिस्टर वाचत, मास्तर ओळखत, सिस्टर नाव लिहीत. जिथे खरं नाव आठवेना तिथे मास्तर सुचेल ते सांगत: ‘श्वास रोखून उभा राहणारा’, ‘प्रत्येक वेळी चेन मागणारी’. गुरुवारी चारशे पार झाले. एका फाइलीत शेरा निघाला: ‘उजव्या खिशाला दुहेरी अस्तर. चिल्लर बाळगायची सवय सुटत नाही.’ दोघांनी एकदमच दाराकडे पाहिलं.

“ओ, ते खाजगी आहे,” कंडक्टर तिथूनच म्हणाले आणि त्यांनी खिशावर हात ठेवला.

शुक्रवारी दुपारी शेवटच्या फाइली राहिल्या. सिस्टर वाचू लागल्या, “छाती छत्तीस, कंबर एकतीस. शेरा: स्वतःचं माप देत नाहीत, म्हणून झोपेत घेतलं. दोन वर्षांत दीड इंच उतरलेत. विचारलं की भडकतात. शिवणीत मार्जिन भरपूर ठेवावं, अंग पुन्हा भरेल.”

मास्तरांनी आपल्या सदऱ्याची बाजूची शिवण चिमटीत धरली आणि आतला कापडाचा पदर बोटाने चाचपून पाहिला. तो चांगला बोटभर होता.

“काय नाव लिहू?” सिस्टरांनी विचारलं.

“राहू द्या. ती लिहील.”

नऊ फाइली उघडल्याच नाहीत; ते नऊ जण शिवायला आले की मास्तर त्यांचं माप पुन्हा घेणार होते. बाकी सगळ्या तपासून, शुद्ध करून, सिस्टरांनी लॅपटॉपमध्ये नवी डिस्क घालून त्यावर चढवल्या. पासवर्ड आपल्या संगणकावरून बदलून घेतले. एक नक्कल मास्तरांच्या भावाकडे ठेवायला दिली, कारण दोन्ही वह्या एकाच कपाटात ठेवणं म्हणजे एकच ठेवल्यासारखं. पेनड्राइव्हची कापडी पिशवी त्यांनी पुढे केली. “यातही खरी मापं भरून देऊ?”

मास्तरांनी ती घेतली आणि बटण लावलं. “नको. दिसलं तर तिला कळेल, की मला कळलं. होती तशीच ड्रॉवरमध्ये ठेवतो.”

पुढच्या मंगळवारी कंडक्टरांनी मास्तरांच्या बायकोला पहिल्या नंबराची चिठ्ठी दिली. तिने आत येऊन दार ओढून घेतलं आणि लॅपटॉप व पेनड्राइव्हची पिशवी टेबलावर ठेवली.

“सिस्टर, यांना सांगू नका. घरी आल्यावर बघितलं, तर फाइलींची नावं बदललेली. ‘श्वास रोखून उभा राहणारा’! सर्व्हिसिंगमध्ये गेली म्हणाले. म्हटलं, बॅकअपमधली जुनी नावं परत घालू. म्हणून हे उघडलं, तर आत नुसत्या...”

“चिठ्ठ्या,” सिस्टर बोलून गेल्या.

वहिनींनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. “तुम्हाला माहीत होतं. म्हणजे यांनाही?”

“वहिनी, इथे सांगितलेलं या टेबलाच्या बाहेर जात नाही.”

“कळलं.” वहिनींनी पदराने वारा घेतला. “म्हणजे माहीत आहे, आणि तीन दिवसांत एका शब्दाने टोमणा नाही. या माणसाची तब्येत बरी आहे ना?” मग त्या थोडं पुढे झुकल्या. “त्यांनीही काहीतरी दाबलंच असणार. असल्या गोष्टी सर्व्हिसिंगने होत नाहीत. जाऊ दे, मी नाही विचारणार.”

सिस्टरांनी कोरा केसपेपर घेतला. पेनड्राइव्हचं वय, तक्रार, कधीपासून. “काय दाबलं?”

“मी? काही नाही हो. आपोआप झालं.”

सिस्टरांना हसू आवरेना, आणि ते का, हे त्यांना सांगताही येईना. डोळे पुसून त्यांनी लॅपटॉप पुढे ओढला आणि चित्र बाजूला ठेवून खरी वही कुठे आहे, ती आख्खी कशी उचलायची, आणि उचलल्यावर वजन कसं बघायचं, ते दाखवलं. वहिनींनी ते तीनदा स्वतःच्या हाताने केलं. सगळ्या फाइली पेनड्राइव्हवर जाताना त्या पडद्यावरचे आकडे पुढे सरकताना बघत राहिल्या.

“एका फाइलीला अजून नाव नाही,” सिस्टर म्हणाल्या.

“हो, म्हणाले, ते तू घाल.” वहिनींनी पेनड्राइव्ह पिशवीत टाकून बटण लावलं. “म्हटलं, आधी नव्याने माप घेते. या वेळी जागेपणी.”