मी न भरलेला फॉर्म

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. वय एक्कावन्न, राहायला बावधनला, काम सर्वेक्षणाचं. मन खातंय, म्हणून लिहितोय.

नव्या अणुवीज प्रकल्पासाठी ज्या जागा तपासल्या जात होत्या, त्यातली एक मुळशीत, ताम्हिणीच्या अलीकडे. अणुभट्टीभोवती ठरावीक अंतरात वस्ती चालत नाही. म्हणून आधी घरं मोजायची, प्रत्येक घराचा एक फॉर्म. जे घर यादीत नाही, त्याला पुनर्वसनही नाही.

ओढ्यापलीकडे सहा घरं होती. पाऊस तुफान, ओढा भरलेला... मी ढाब्यावर बसलो आणि सहाही फॉर्मवर 'निर्जन' लिहून सही केली. संध्याकाळी फॉर्म ऑफिसच्या कपाटात ठेवले. किल्ली माझ्याकडेच.

अडीच महिन्यांनी चावडीवाचन झालं – फॉर्म गावासमोर मोठ्याने वाचायचे, हरकती ऐकायच्या. ओढ्यापलीकडचा पहिला फॉर्म घेतला आणि वाचत गेलो – कोंडाबाई, मुलगा दत्ता, सून मनीषा, नात स्वरा...

तेव्हा लक्षात आलं, मी काय वाचतोय. अक्षर माझं, सही माझी, तारीख त्याच दिवसाची.

मागून कोंडाबाई उठल्या. शेजारी सून, तिच्या मांडीवर तान्हं बाळ.

"सायब, पोरीचं नाव तर आमी काल बारशाला ठेवलं. तुमाला कुनी सांगितलं?"

"सायब जल्मायच्या आधीच मोजत्यात," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

कोंडाबाई हसल्या नाहीत. "आसू द्या. वढ्याला पानी आसून तुमी आलात. दुसरं कोन येतंय तितं?"

मी आलोच नव्हतो, हे सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. उशीर झाल्याचं कारण देऊन गठ्ठा बांधला. गाडीत बसून बाकीचे पाच फॉर्म पाहिले. पाचही 'निर्जन'.

कुणी मागाहून भरला म्हणावं, तर नाव आदल्याच दिवशी ठेवलेलं, कपाटाची किल्ली माझ्याकडे, आणि अक्षर माझं कसं?

दोन दिवसांनी कोरे फॉर्म घेऊन ओढा ओलांडला. आयुष्यात पहिल्यांदा. कोंडाबाईंच्या शेजारच्या घरातला म्हातारा दारातच उभा होता. आत बोलावलं नाही.

"त्या दिशी तुमी कोंडाबाईच्या वट्यावर बसून लिवत हुता, आमी बघितलं की," तो म्हणाला. "मंग आमच्याकडं का न्हाई आलात?"

त्याच्या ओट्यावर बसून पहिला फॉर्म भरला, मग बाकीचे चार.