पूजेत न मांडलेले बूट

आमच्या औरादकडे खळ्यावर पायताण घालून कुणी जात नाही. खळं सिमेंटचं झालं, मळणी यंत्रावर होऊ लागली, तरी चपला काठावरच निघतात. त्याच खळ्यावर मी चाकांचे बूट घालून घडले.

बीदरच्या शाळेत असताना मी चाकांवरचं फिगर स्केटिंग शिकू लागले. जमिनीवर आखलेल्या जोडवर्तुळांवरून, इंग्रजी आठच्या आकड्यासारखं, एका पायावर असं जायचं, की चाकानं रेघ सोडू नये; मग उड्या, गिरक्या. सुट्टीत सरावाला गुळगुळीत जागा हवी होती आणि गावात तेवढी एकच होती. थोरले चुलते कडाडले, "खळ्यावर पायताण? लक्ष्मी तुडवायलीस व्हय?"

 अवजारं पुजायच्या खांडेनवमीला वडिलांनी माझे बूट धुतले आणि विळे, पाभर, फवारणीचा पंप यांच्या रांगेत मांडून हळदकुंकू वाहिलं. "हे पायताण न्हाई, अण्णा. लेकीचं हत्यार हाय." अवजाराला खळ्यावर मज्जाव नसतो.

"मग आता ट्रॅक्टरला बी नाचायला शिकव," चुलते म्हणाले, पण अडवलं नाही.

पुढं कितीतरी शहरांत स्पर्धा केल्या. झगमगत्या लाकडी फरशा, टाळ्यांआधीची ती कोरडी शांतता, घशात लोखंडाची चव. कानात मात्र सिमेंटवरून धावणाऱ्या चाकांची बारीक घरघर आणि नाकात तुरीच्या काडाचा वास. दर खांडेनवमीला बूट घेऊन घरी यायचं, हे ठरलेलं.

मग घोटा गेला. शस्त्रक्रियेनंतर चालता येऊ लागलं. उडी घेऊन त्या पायावर उतरणं मात्र कायमचं संपलं. स्पर्धा सोडल्याचं फोनवर सांगितलं, तेव्हा वडील एवढंच म्हणाले, "बरं. ये घरी."

गेल्या खांडेनवमीला आईनं जमीन सारवली. वडील अवजारं मांडत होते. पाभर आणि पंप यांच्यामध्ये त्यांनी जागा सोडली, नेमकी बुटांएवढी. कामातून गेलेलं हत्यार आमच्याकडे पूजेत मांडत नाहीत. बूट मांडले तर देवापुढं खोटं ठरणार होतं. न मांडावेत, तर माझं आयुष्य मीच माझ्या हातानं मिटवल्यासारखं होणार होतं. ओल्या शेणाचा गार वास येत होता. मी बुटांच्या पिशवीकडे गेले नाही. वडिलांनी थोडी वाट पाहिली, मग ऊद पेटवला. ती जागा त्यांनी तशीच राहू दिली.

दुपारी खळ्यावर सोयाबीन वाळत होतं. अनवाणी उतरून मी ते पायांनी ओढू लागले. दाणे उलटायची आमची हीच रीत. तापलेले दाणे बोटांतून सरकू लागले आणि पाय आपसूक वळला. एक वर्तुळ उमटलं, त्याला जोडून दुसरं.

"सरळ वढ की," वडील म्हणाले. ट्रॅक्टरला कुंकू लावायला ते वाटी घेऊन निघाले होते. "आठ कामून काढायलीस?"

"पाय तसाच जायलाय, अप्पा."

ते थांबले. मला काठावर बसवून, गुडघ्यावर हात टेकत वाकले आणि ओलं कुंकू घोट्याच्या व्रणावर टेकवलं.

दारातून आई म्हणाली, "काय करायलाव हे? पोरीचा पाय हाय का कुळव?"

"ज्यानं काम केलं, त्येला लावायलोय."

कुंकू गार होतं. मी ते वाळू दिलं; मग उठून उरलेलं वाळवण उलटायला घेतलं, सरळ रेघांत.