बँकॉकचा कौल

खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी देवापुढे हात जोडत होते, पण मनात विश्वासापेक्षा भीतीच जास्त होती. ह्यांच्या मानेवर सुपारीएवढी गाठ आली होती. इथे अमिरातीत, अल ऐनच्या हॉस्पिटलात तिचा तुकडा तपासायला काढला आणि डॉक्टर म्हणाले, मध्ये ईदची सुट्टी आहे, रिपोर्टला दहा दिवस लागतील. सुट्टीसाठी बँकॉकची तिकिटं आम्ही आधीच काढून ठेवली होती. मी म्हटलं, रद्द करू या. हे म्हणाले, "घरात बसून तू माझ्या मानेकडे टक लावून बघणार. त्यापेक्षा तिथे जाऊन बुद्धाकडे बघ." अशा वेळीही विनोद सुचणाऱ्या माणसाशी संसार करणं सोपं नसतं. आम्ही गेलो.

तिथे दोन दिवस नुसती देवळं पाहिली. चपला बाहेर काढायच्या, थंड फरशीवर पाय मागे दुमडून बसायचं. मूर्तीकडे तळवे करायचे नाहीत, हे आमची कॉलेजात शिकणारी सई वाचूनच आली होती. समोर सोनेरी बुद्ध, अर्धे मिटलेले डोळे, पायाशी कमळाच्या कळ्यांचा ढीग. बाकीची माणसं कशी शांत बसलेली! माझं मात्र प्रत्येक देवळात एकच पालुपद, रिपोर्ट चांगला येऊ दे, रिपोर्ट चांगला येऊ दे. बुद्धालासुद्धा कंटाळा आला असेल.

नदीकाठच्या एका देवळात एक बाई गुडघ्यांवर बसून बांबूचं नळकांडं खुळखुळवत होती. त्यातून एक काडी बाहेर पडेपर्यंत ते हलवायचं. काडीवर आकडा असतो आणि त्या आकड्याची भविष्याची चिठ्ठी भिंतीजवळच्या खणातून घ्यायची. मला एकदम गावचं देऊळ आठवलं. आम्ही सावंतवाडीकडचे. आमच्याकडे काही अडलं की देवाला कौल लावतात. मूर्तीला फुलांच्या पाकळ्या चिकटवायच्या आणि कुठल्या बाजूची आधी पडते ते बघायचं. उजवी पडली की होकार. आणि झालेला कौल मुकाट्याने मानायचा, हे लहानपणापासून माझ्या अंगात मुरलेलं. हे बाहेर फोटो काढत होते. मी नळकांडं उचललं.

गुलाबी चिठ्ठीवर थाईखाली इंग्रजीत तीन ओळी होत्या. आजाऱ्याला गुण येणार नाही. हरवलेली वस्तू सापडणार नाही. लग्न जुळणार नाही. चोवीस वर्षं संसार केलेल्या बाईला शेवटच्या ओळीचं हसू यायला हवं होतं, पण मी पहिल्याच ओळीत अडकले. सई म्हणाली, "आई, इट्स लिटरली रँडम. जस्ट शेक इट अगेन." पण कौल काय मनासारखा होईपर्यंत लावायचा असतो? आणि देवाने हातात दिलेलं तिथेच टाकून येणं मला जमेना. मी चिठ्ठीची घडी घातली, पर्समध्ये अंगाऱ्याच्या पुडीशेजारी ठेवली आणि सईला बजावलं, बाबांना बोलायचं नाही. परत आल्यावर मीही ह्यांच्याशी फारसं बोलले नाही. तोंड उघडलं तर रडू येईल अशी धास्ती वाटायची.

रिपोर्टच्या दिवशी हे गाडी पार्क करायला गेले आणि मी पुढे होऊन हॉस्पिटलात खुर्चीवर बसून ह्यांचं ओळखपत्र, एमिरेट्स आयडी, शोधू लागले. घाईत पर्स उपडी केली, तशी चिठ्ठी जमिनीवर पडली. शेजारच्या खुर्चीतल्या बाईने ती उचलली. चाळिशीची, अंगावर सलूनचा युनिफॉर्म. चिठ्ठीवरचं थाई वाचता वाचता तिच्या कपाळावर आठ्या पडल्या, तेव्हा कळलं की ती थाई आहे.

"मॅडम, दिस बॅड वन. व्हाय यू ब्रिंग?"

"गॉड गेव्ह. सो आय केप्ट," मी म्हटलं. माझं इंग्रजीही त्या वेळी तेवढंच शिल्लक होतं.

ती हसली. "नो, नो. गुड वन, टेक होम. बॅड वन, लीव्ह इन टेंपल. बुद्धा कीप फॉर यू."

मग तिने सांगितलं की ती शुक्रवारी सुट्टीवर घरी चालली आहे, तिच्या गावच्या देवळात ही ठेवून देईल. मी चाचरले. आपलं वाईट दुसऱ्याच्या हातात कसं द्यायचं? विचारलं, "यू नॉट अफ्रेड?" ती म्हणाली, "नॉट माय पेपर. नॉट युवर पेपर." तिने चिठ्ठी कपाळाला लावली आणि खिशात ठेवली. तेवढ्यात तिचं नाव पुकारलं आणि ती आत गेली. त्यानंतर ती मला कधीच भेटली नाही.

रिपोर्ट अजून हातात नव्हता. तरी दहा दिवसांत पहिल्यांदा माझा श्वास पोटापर्यंत गेला. देव जे स्वतःकडे ठेवून घ्यायला तयार होता, तेच मी त्याच्या दारातून उचलून आणलं होतं, आणि वर त्याच्यावरच रुसले होते. मनात म्हटलं, आता तुझं तू बघ. तेवढ्यात हे आले आणि आम्ही आत गेलो. डॉक्टरांनी कागद पुढे सरकवला. "अलहमदुलिल्ला, नथिंग बॅड." साधी गाठ होती. मी तिथेच ओढणीत तोंड लपवून रडले. गाडीत ह्यांना सगळं सांगितलं, तर म्हणाले, "आणि मला वाटत होतं, तू माझ्यावर चिडलीयस."

चिठ्ठी गेली म्हणून रिपोर्ट चांगला आला, असं मी म्हणणार नाही. तो तर आधीच तयार होता. पण तेवढ्या खुर्च्यांतून ती बाई नेमकी माझ्याच शेजारी कुणी बसवली, हे मी माझ्यापुरतं ओळखून आहे, आणि त्याचे उपकार माझ्याच्याने फिटायचे नाहीत.

घरी येऊन जेवल्यावर हे सोफ्यावर आडवे झाले आणि पाच मिनिटांत घोरायला लागले. एरवी मी कोपराने ढोसलं असतं. त्या दुपारी शेजारी बसून ऐकत राहिले. देवापुढे इतका वेळ, काहीही न मागता, मी त्याआधी कधी बसले नव्हते.