बाबांची बोट बुडवणारा कॉम्प्युटर

माझा गेमिंगचा कॉम्प्युटर पहिल्यांदा बंद पडला तेव्हा बाबा नॉर्वेच्या समुद्रात होते आणि जाळं अर्धं वर आलं होतं.

खरे बाबा अर्थातच आमच्या मधल्या खोलीत, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, लुंगी गुडघ्यापर्यंत घेऊन बसले होते. घर श्रीवर्धनच्या कोळीवाड्यात, समुद्र हाकेच्या अंतरावर. पण समोरच्या पडद्यावर बर्फाचे डोंगर होते, लाल रंगाची मच्छीमार बोट होती आणि तिचं सुकाणू म्हणजे कीबोर्डवरचे चार बाण. तेवढ्यात पडदा काळा झाला. पंखे थांबले, मग आपोआप पुन्हा फिरायला लागले, आणि कॉम्प्युटर काही घडलंच नाही अशा थाटात नव्याने सुरू झाला. बाबांनी दोन्ही हात कीबोर्डवरून उचलले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "गेली बोट."

हा कॉम्प्युटर माझा. सुटे भाग मागवून मी तो स्वतःच्या हाताने जोडला होता, काचेच्या दाराचा, आत रंगीत दिवे लागणारा. लग्नाचे व्हिडिओ एडिट करायला घेतलाय, असं मी सगळ्यांना सांगायचे. ते खोटं नव्हतं, पण लग्नाच्या व्हिडिओला एवढे दिवे लागत नाहीत हे आईनेसुद्धा ओळखलं होतं.

बाबा पस्तीस वर्षं बोटीवर डायवर होते. आमच्याकडे डायवर म्हणजे बोटीचं इंजिन सांभाळणारा. गुडघे गेले आणि ते किनाऱ्याला लागले ते कायमचे. पहिलं वर्ष त्यांनी ओट्यावर बसून दुसऱ्यांच्या बोटींना नावं ठेवण्यात काढलं. कुठल्या इंजिनाचा आवाज कसा येतोय हे ते बंदराकडे पाठ करून सांगायचे, आणि ऐकायला कुणी थांबत नसे. मग एका दुपारी मी तो मासेमारीचा खेळ खेळत होते. ते मागे येऊन उभे राहिले. एकदम म्हणाले, "जाला असा टाकतात व्हय? सरक गो."

मी सरकले ती सरकलेच. रोज जेवण झालं, डुलकी झाली की तीन ते पाच कॉम्प्युटर बाबांचा. सकाळी ओट्यावरून ते शेजाऱ्यांना नॉर्वेच्या हवामानाची बातमी द्यायचे. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "चाय हितं पिताव का बोटीवर पाठवू?" मी वैतागल्यासारखं दाखवायचे, पण मनातून खूश होते. वर्षभर कोपऱ्यात ठेवलेल्या सामानासारखा बसलेला माझा बाप पुन्हा भांडायला लागला होता, मासे कमी लागले म्हणून चिडायला लागला होता. मला तेवढंच हवं होतं.

आणि नेमका तोच कॉम्प्युटर बंद पडायला लागला.

त्यात कसला म्हणून नेम नव्हता. कधी पाच मिनिटांत जायचा, कधी तीन तास चालायचा. माझ्या व्हिडिओच्या वेळी शहाण्यासारखा वागायचा आणि बाबांच्या बोटीत मासळी भरली की हमखास मान टाकायचा. खेळ असा की बंदरात परत आल्याशिवाय केलेलं काही जमा होत नाही. म्हणजे प्रत्येक वेळी फेरी पाण्यात.

मी कामाला लागले. मला कॉम्प्युटरमधलं कळतं याचा मला गर्व आहे, आणि तेव्हा तो आताच्या दुप्पट होता. विंडोजची नोंदवही उघडली तर तीत लिहिलेलं, कॉम्प्युटर व्यवस्थित बंद न होता बंद झाला. मेलेला माणूस आता जिवंत नाही, असा दाखला देण्यापैकी हे. ड्रायव्हरचे प्रोग्राम बदलले. विंडोज पुसून नवीन टाकलं. आतलं तापमान मोजत बसले. ते आमच्या ओट्यापेक्षा बरं निघालं. यूपीएस बदलून पाहिला. मेमरी तपासायचा प्रोग्राम रात्रभर चालवला, सकाळी त्याने सगळं ठीक असल्याचं हिरव्या अक्षरांत सांगितलं. त्याच दुपारी बोट गेली.

इंटरनेटवर असल्या दुखण्यांवर चर्चा करणारी मंडळी असतात, त्यांना विचारलं. अमेरिकेतल्या एकाने सांगितलं, वीजपुरवठ्याचा डबा बदल. पोलंडमधला एक म्हणाला, रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, पट्ट्या काढून पुन्हा बसव. ते मी टाळलं, कारण वरचा भलामोठा पंखा काढल्याशिवाय तिथे हात जात नव्हता, आणि तो पंखा बसवताना मी एकदा रडकुंडीला आले होते. शिवाय मेमरी ठीक असल्याचं हिरव्या अक्षरांत आलं होतंच.

आईने तिच्या परीने निदान केलं. "दिव्यांचा ठेवलास दारासमोर, नजर न्हाय लागायची?" म्हणून तिने मीठ-मिरच्या ओवाळून कॉम्प्युटरची दृष्ट काढली. त्यानंतर दोन दिवस तो खरोखरच बंद पडला नाही. ते दोन दिवस आई माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, तीच मला लागली असावी.

शेवटी मी तो चादरीत गुंडाळून मांडीवर घेतला आणि एसटीने माणगावला निघाले. कंडक्टरने विचारलं, "याचं हाफ काढू?" सगळी एसटी हसली, एक मी सोडून. रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्यात मी त्याचं डोकं धरत होते. माणगावच्या दुकानदाराने तो दोन दिवस ठेवून घेतला, त्यावर गाड्यांच्या शर्यतीचा खेळ लावून ठेवला, आणि एकदाही बंद पडला नाही म्हणून परत दिला. "मॅडम, तुमच्या घरातच काहीतरी आहे," तो म्हणाला. मला त्याचा इतका राग आला की मी चहासुद्धा घेतला नाही. घरी आणून जोडला. तिसऱ्या दिवशी नॉर्वेला वादळ नव्हतं, काही नव्हतं, बाबा बंदराच्या तोंडाशी आले होते. गेली बोट.

त्या दिवशी बाबांनी विचारलं, "बाय, मी बटनं जोरात दाबतो काय?"

मी टेबलाखाली वायरी तपासत होते, डोक्याला नुकताच कोपरा लागला होता. मी म्हणाले, "बाबा, तुम्हाला नाही कळायचं त्यातलं. तुम्ही बाजूला बसा ना जरा."

ते बाजूला बसले. म्हणजे ओट्यावर. दुसऱ्या दिवशी तीन वाजले तरी आत आले नाहीत. मी हाक मारली तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे, तुझा काम कर." त्यानंतर हाक मारली तरी तेच. नॉर्वेच्या बातम्या बंद झाल्या. ते पुन्हा बंदराकडे पाठ करून बसायला लागले, आणि आता तर कुणाच्या बोटीला नावंही ठेवत नव्हते. मला खरी भीती वाटली ती तेव्हा. कॉम्प्युटर एक वेळ नवीन घेता आला असता.

आठवडाभर ते बघितलं आणि मग मी तो भलामोठा पंखा काढायला घेतला. गणपती तोंडावर आले होते, आई घर सारवल्यासारखं पुसत होती, आणि मी मधल्या खोलीत सतरंजीवर स्क्रू मांडून बसले होते. पंखा सुटला. रॅमची पहिली पट्टी काढली, स्वच्छ. दुसरी काढली आणि बोटाला काहीतरी चिकट लागलं. पट्टीच्या खालच्या कडेला सोनेरी दातांची रांग असते, त्यातूनच सगळा व्यवहार चालतो. ते दात काळपट तेलकट थरात बुडाले होते, आणि थरावर धूळ बसली होती. मी वास घेतला. तो वास मी लहानपणापासून ओळखते. बाबा बोटीवरून आले की दारातून आधी तोच आत यायचा.

इंजिनाचं ग्रीस.

मग सगळं एका दमात उमगलं. जूनच्या सुरुवातीला मी चार दिवस तळा गावात एका लग्नाच्या शूटिंगला गेले होते. तेव्हाच होड्या पाण्याबाहेर काढतात, झापांनी झाकून शाकारतात, आणि पावसाळ्याचे दोन-अडीच महिने खाऱ्या हवेत गंजू नये म्हणून जे जे लोखंड असेल त्याला ग्रीस फासतात. इंजिनातलं जे सुटं होईल ते काढायचं, पुसायचं, ग्रीस लावायचं आणि जागच्या जागी बसवायचं. आमच्या घरात ही पद्धत बोटीपुरती कधीच राहिली नाही. कुलपं, बिजागऱ्या, आईचं शिलाई मशीन, शाळेत असताना माझा कंपास, सगळ्यांना जूनमध्ये ग्रीस लागायचं. यंदा बाबांची बोट कोणती होती, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. वरचा पंखा सोडवल्यावर बारीक पट्टी त्यांच्या हाताला सापडली असणार, ओढल्यावर निघाली असणार, आणि निघाली म्हटल्यावर ती ग्रीस न लावता परत बसवणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

मला आधी हसू फुटलं. मग बाहेर ओट्यावर त्यांची पाठ दिसली आणि मी तोंड दाबलं. मी पट्टी स्पिरिटने पुसली, दात खोडरबराने घासले, खाचेत साफसफाई केली, पंखा बसवला. बाबांना सांगितलं, "विजेचा दाब कमी-जास्त होत होता. केलंय मी नीट." त्यांना बळेच आणून बसवलं. कॉम्प्युटर त्या दिवशी बंद पडला नाही, त्या महिन्यात नाही, त्यानंतर कधीच नाही. बाबांनी पहिली भरलेली बोट बंदरात लावली तेव्हा आईने खरोखरच चहा बोटीवर आणून दिला. खोटं बोलल्याबद्दल मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

पुढच्या वर्षी होड्या वर निघाल्या आणि एका सकाळी बाबा हातात डबा आणि फडकं घेऊन मधल्या खोलीत आले.

"यंदा पन लावून घेऊ," ते म्हणाले. "गेल्या साली लावला म्हनून टिकला बघ तुझा मशीन."

आता तोंड उघडल्याशिवाय सुटका नव्हती. मी म्हणाले, "बाबा, नको. गेल्या वर्षी त्या ग्रीसनेच बंद पडत होता."

त्यांनी डबा खाली ठेवला. फडकं मात्र हातातच राहिलं. "तुला कवा कलला?"

"गणपतीच्या आधी."

"मंग बोलली न्हाईस."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

ते खुर्चीवर बसले. मला वाटलं, आता उठून ओट्यावर जातील आणि ही खुर्ची कायमची रिकामी होईल. पण ते उठले नाहीत.

"ग्रीसचा वाईट न्हाय वाटत मना," ते म्हणाले. "चुकतो मानूस. पन इंजिन बंद पडला का मालक पयला डायवरला इचारतो, शेवटचा हात कुठं लावलास. तू मानगावला इचारलास, अमेरिकेला इचारलास. घरात डायवर बसलेला, त्याला न्हाय इचारलास. मी तवाच सांगितला असता."

मला लाज वाटली, अगदी कान गरम होईपर्यंत. अडीच महिने मी जगभर हिंडून आले होते, आणि हा माणूस रोज तीन हातांवर, उघड्या दाराबाहेर बसलेला होता.

मग मी सतरंजी अंथरली, कॉम्प्युटर आडवा केला, काचेचं दार काढलं आणि त्यांच्यासमोर बसले. म्हटलं, "बाबा, शेवटचा हात कुठं कुठं लावला होता?"

बाबांनी सगळं सांगितलं. आधी प्लग काढला, मग दाराचे चार स्क्रू, मग तो भलामोठा पंखा, मग ही पट्टी, डाव्या हाताने, कारण उजव्याला ग्रीस होतं. वार कोणता होता तेही सांगितलं. त्यांना सगळं आठवत होतं. त्यांचं सांगून झालं तेव्हा आईचा चहासुद्धा अजून उकळला नव्हता.