आधी सुई दाखवा

चेंदणी कोळीवाड्यातली शेवंती ठाण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. ड्यूटीवर लोकांचा आरडाओरडा ऐकून घ्यायची, बाहेर मात्र कुणाचं ऐकून घ्यायची नाही. तिची आई मनुबाई लग्नात गाणी म्हणायची. ती आल्याशिवाय कोळीवाड्यात हळद लागायची नाही, असा तिचा गळा. मुंबईच्या एका कंपनीने तिची एक छोटी रेकॉर्ड काढली होती. पुढे शेवंतीच्या भावाने, नाथाने, टेपरेकॉर्डरवर तिच्या दोन कॅसेट भरून घेतल्या. मनुबाई गेल्यावर तिचा आवाज म्हणून घरात एवढंच उरलं.

नव्व्याण्णव साली कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी दिसली. सगळं सीडीवर उतरवायचं शेवंतीने ठरवलं आणि कुठलं मशीन घ्यावं ते बघायला रेकॉर्ड घेऊन स्टेशनजवळच्या एका मोठ्या दुकानात गेली.

"हे घ्या ताई," मालक म्हणाला. "रेकॉर्ड, कॅसेट, सगळं एकातच. लावून दाखवतो."

"आधी सुई बघा."

"अहो, रोज गिऱ्हाईकांना याच्यावरच ऐकवतो!" त्याने तिच्या हातातून रेकॉर्ड घेतलीच.

सुईचं टोक कधीच तुटलं होतं. मनुबाईने सूर लावला, आणि सुई त्याच्यावरून खर्रकन ओरखडा काढत पार मधल्या लेबलापर्यंत गेली.

"जुन्या रेकॉर्डचं असंच असतं," मालक म्हणाला. "कोळीगीतांच्या दोन कॅसेट देतो, न्या. फ्री."

"माझी आई आहे ती! तिच्या बदल्यात दोन कॅसेट देतोस?" शेवंतीचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. मालकाने पाणी मागवलं. तिने ग्लास त्याच्या काउंटरवर पालथा केला. बाकीची गिऱ्हाईकं गुपचूप बाहेर पडली.

"जाऊ दे ना शेवंते," घरी नाथा म्हणाला. "दुसरी बाजू हाय ना चांगली."

"तुझा एक कान कापला तर जाऊ देशील?"

त्यानंतर तिने मशीन शोधलं ते रागाच्या भरातच. कल्याणच्या एका कॉम्प्युटरवाल्याने खरखर साफ करून देतो म्हणत दुसऱ्याच एका जुन्या गाण्याचा नमुना ऐकवला. खरखर गेली होती, पण गाणारीचा श्वासही गेला होता.

"ऐकणाऱ्याला काय कळतंय?" तो म्हणाला.

"मला कळतंय." ती उठून निघाली.

डोंबिवलीत आठल्ये नावाचे निवृत्त गृहस्थ आपला रेकॉर्ड प्लेअर विकत होते. सुईचा भार कमीजास्त करता येणारा, जपून वापरलेला. शेवंतीने पिशवीतून एक भंगारातली रेकॉर्ड काढली.

"आधी ही वाजवा. भिंग आहे? सुई दाखवा."

आठल्ये दुखावले. "बाई, इतकी वर्षं मी हा जिवापाड जपलाय. माझ्यावर विश्वास नाही तुमचा?"

"नाही."

ते आतून भिंग घेऊन आले. सुई शाबूत होती. भंगारातली रेकॉर्डसुद्धा स्वच्छ वाजली. शेवंतीला क्षणभर वाईट वाटलं, पण माफी मागण्याइतका राग उतरला नव्हता. प्लेअर तिने तिथेच ठरवला.

त्याला जोडायला तिने कॉम्प्युटरशिवाय चालणारा सीडी रेकॉर्डर घेतला आणि एक चांगला कॅसेट डेक. सुट्टीच्या दिवशी पंखा बंद करून, घामाघूम होत तिने सगळं उतरवलं. रेकॉर्डची खराब बाजू आली तेव्हा नाथा म्हणाला, "ही नको टाकू. लोकं हसतील."

"ही पण टाकणार."

त्या बाजूला आईचा आवाज ठेचकाळत येत होता. एक शब्द, मग ओरखडा, मग अर्धा शब्द. शेवंतीने शेवटपर्यंत बोट बंद करायच्या बटणावर नेलं नाही. नाथा तोंड फिरवून बसला.

पुढच्या हिवाळ्यात नाथाच्या मुलीच्या हळदीला ती सीडी लावली. बाया मनुबाईबरोबर गायल्या. मध्येच खरखर आली तशा थांबल्या. कुणीतरी विचारलं, "हे काय झालं गं?"

शेवंतीने त्या दुकानाचं नाव सांगितलं. मोठ्याने, मांडवात सगळ्यांना ऐकू जाईल असं.