आईच्या फोनला न दिसलेलं वायफाय

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही. आणि सांगताना मान खाली घालणार नाही. जे केलं ते मी केलं, नीट कळून केलं.

घरातला मी पहिला पदवीधर. आई-अण्णांच्या कष्टांवरच आज उभा आहे. नोकरी पुण्यातल्या कंपनीची, काम मुखेडच्या घरातून. त्यासाठी नवं राउटर आणलं.

ते दोन बँडवर, म्हणजे दोन वेगळ्या लहरींवर चालतं. एक हळू, पण जुन्या-नव्या सगळ्या फोनना चालणारा. दुसरा वेगवान — पण आईच्या जुन्या फोनला तो दिसतच नाही.

घरात मोबाइलला रेंज नाही. चाकूरच्या मावशीला ऐकू कमी येतं, म्हणून आई वायफायवर व्हिडिओ कॉल करायची, ओठ दिसावेत म्हणून. आणि तरीही ओरडायची, "हाव गं अक्का, जेवले की. तू काय करायलीस?"

एक दिवस मी हळू बँड बंद केला. आईला म्हणालो, "तुझा फोनच जुना झालाय. नव्या वायफायला चालत नाही."

वेगासाठी केलं? जुना फोन त्याच्या बँडवरच्या सगळ्यांना थोडं थांबवतो, हे खरं. पण माझा लॅपटॉप आधीपासूनच वेगवान बँडवर होता. आईमुळे त्याचं काहीच अडत नव्हतं.

मग? — मीटिंगमध्ये तिचा आवाज जायचा. एकदा पुण्याचा एकजण म्हणाला, "तुमच्याकडे बाजार भरलाय का?" सगळे हसले. मीही हसलो. त्याला कशाला दोष देऊ? हसला तो, बँड बंद केला मी. मला आईची बोली लपवायची होती. याला दुसरं नाव मी देणार नाही, तुम्हीही देऊ नका.

आई शेजारच्या ओट्यावर जाऊन कॉल करू लागली. तिथलं राउटर जुनं, फोन लगेच लागला. तरी तिला शंका आली नाही. उलट शेजारणीला सांगायची, "आमच्या पोराचं लई नवं हाय. माझ्या डबड्याला झेपत न्हाई."

उन्हाळ्यात त्या तापल्या ओट्यावर तिला भोवळ आली. तेव्हा मी बँड पुन्हा चालू केला. खरं सांगितलं नाही.

"पोरानं नीट केलं गं अक्का," ती घरातून ओरडली. "शिकल्याचा उपयोग हाय बघ."

माझी मीटिंग सुरू होती. मी माइक बंद केला — एका बटणाचं काम. ते बटण पहिल्या दिवशीही तिथंच होतं.